दोन बोटांची जागा

हा प्रवास मी आजवर पुष्कळदा सांगितला आहे आणि एकदाही खरा सांगितलेला नाही. आर्णीजवळ टायर बसला तो भाग सांगितला, मुकुटबनच्या खाणीवरच्या आंबट वरणाचे कौतुक केले, गाडी नाल्यात कशी शिरली तेही चारचौघांना हसवत सांगितले. एक गोष्ट मात्र दरवेळी गिळली. आता वय ब्याऐंशी आहे. आणखी गिळवत नाही.

निमित्त असे झाले. राळेगावच्या ज्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) मी उभी हयात नोकरी केली, तिच्या मालकांवर त्यांच्या नातवाने एक पुस्तिका छापली. प्रत घरी आणून दिली, पाया पडला, चहा घेऊन गेला. दुपारी चष्मा लावून वाचायला बसलो तर मधल्याच एका पानावर हे वाक्य: 'तांड्यावरच्या एका अडाणी मिस्त्रीने भलतेच पाटे बसवल्यामुळे आजोबांची पहिली गाडी मोडली.'

अडाणी! लोखंडाला जो माणूस हात लावून त्याचा स्वभाव सांगायचा, त्याला इतक्या वर्षांनी गुळगुळीत कागदावर अडाणी म्हणतात, आणि वर मला ते भेट म्हणून देतात! पुस्तिका मी कोपऱ्यात भिरकावली. मग उठून परत आणली, कारण ते वाक्य ओळखीचे वाटले. ते माझेच होते. अपघातानंतरच्या जबाबात मीच ते लिहिले होते, माझ्या वळणदार अक्षरात. पोराने जुन्या कागदांतून नुसते उतरवून घेतले होते.

तेव्हा आता तो प्रवास जसा झाला तसा लिहितो.

सन एकसष्ट. दसरा पंधरा-वीस दिवसांवर आला होता. मालकांनी लष्कराच्या लिलावातून एक पिकअप घेतली होती. पुढे केबिन, मागे उघडा डाला. सैनिकांचे हलके सामान वाहायला बनलेली ती गाडी आमच्याकडे सरकीची पोती वाहू लागली आणि मागच्या बाजूने खाली बसू लागली. ड्रायव्हर शेख गफूर, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, मला म्हणायचा, "बाबू, दिवे लावले तं रस्ता नाही दिसत, झाडावरचे कावळे दिसते."

मालकांना जिनिंगची नवी शेड दसऱ्याला सुरू करायची होती. शेडसाठी फरशी मुकुटबनच्या खाणीवरून आणायची होती. त्यासाठी आधी गाडीचे मागचे पाटे वाढवून घ्यावेत असे ठरले. पाटे म्हणजे एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. ती एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर बसते आणि गाडीचे सगळे ओझे झेलते. हे काम जाणणारा माणूस फुलसावंगीला होता. मी जिनिंगचा कारकून. देखरेखीला मला पाठवले.

पहाटे राळेगाव सोडले. कळंबपर्यंत दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) बोंडांवर आलेली, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. यवतमाळ मागे टाकल्यावर सागाच्या टेकड्या सुरू झाल्या. रिकामी गाडी खड्ड्यांतून अशी उडत होती की माझी टोपी दोनदा टपाला लागून खाली पडली. आर्णीच्या अलीकडे टायर बसला. गफूरभाई चाक बदलत असताना मी शेजारच्या टपरीतून आलूबोंडे आणले. टपरीवाल्याने विचारले, "कोठं चालले?" फुलसावंगीला, मिस्त्रीकडे, म्हटल्यावर तो म्हणाला, "भोजूकडे? मंग इतल्या ठोकाठोकीची फिकर नोका करू. त्याच्या हातची गाडी म्होरच्या जन्मी बी चालते."

ही त्या माणसाची कीर्ती होती, अठरा-वीस कोसांवर. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

भोजू मिस्त्रीचे दुकान फुलसावंगीच्या बाजाराच्या टोकाला, कडुलिंबाखाली, चार पत्र्यांचे. तो बंजारा समाजाचा, गावाबाहेरच्या तांड्यावर राहणारा. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला लाल पागोटे. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेला. आमची गाडी पाहताच तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला, खाली वाकला आणि एक्सलवर थाप मारली, जशी आपण बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतो.

"किती वजन टाकता जी हिच्यात?"

"लागेल तेवढं," मी म्हणालो.

"लागन तेवढं जावायाले वाढा, बाबू. गाडीले नाही."

गफूरभाई हसला. मला राग आला. मी चोवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, खिशाला पेन लावलेला. त्या काळी तेवढ्यानेही माणूस चढून जायचा.

काम दोन दिवस चालले. मोडीत निघालेल्या मोठ्या ट्रकचे पाटे त्याने भट्टीत लाल केले, ठोकून त्यांना कमान दिली, तेलात बुडवून पाणी चढवले, म्हणजे कडक केले. आधीचे आठ होते, त्यांचे अकरा झाले. ते बांधायला लांब यू-बोल्ट त्याने स्वतः वाकवले. सगळे आवळून झाल्यावर डाल्यात दगड भरायला लावले, गाडी पडीक शेतातून फिरवून आणवली आणि बोल्ट पुन्हा आवळले. पुन्हा फिरवली, पुन्हा आवळले. मी कंटाळून म्हणालो, "झालं ना मिस्त्री आता?"

"नवे पाटे नव्या सुनेवानी असते जी. पह्यल्या दिवशी अंगचोर. दोन दिवसांनं सरकून बसते. तवा पाहा लागते."

दुपारी त्याने आम्हाला तांड्यावर जेवायला नेले. त्याच्या बायकोने बाटी (त्यांच्यात भाकरीला बाटी म्हणतात), अंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी लसणाची चटणी वाढली. जेवता जेवता भोजूने त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या लोकांचा पूर्वीचा धंदा लदेणीचा. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामागून मुलूख चालत जायचे.

"तांडा निघाला का आजा पह्यले पन्नास पावलं सगळ्याच्या मांगं चाले. वाकून बैलाचा खूर पाहे. खुराच्या ठशात बोटं आडवी घाले. दोन बोटं बुडाले तं ठीक. तिसरं बुडालं का थांबवा तांडा, उतरवा गोणी. मंग त्या बैलाचा मालक कितीबी बोंबलो."

"काहून?" गफूरभाईने विचारले.

"बैल बोलते का, भाई? बैलाचं ओझं मातीले विचारा लागते."

मग तो माझ्याकडे वळला. "बाबू, आता माह्यं आयका. आजलोग ही गाडी बसे, म्हणून तुमाले वजन समजे. आता ही बसणार नाही. ताठ उभी राहीन. तुमी म्हणसान, टाक अजून. म्या हिची पाठ मजबूत केली, पाय तेच राह्यले. एक्सल जुनाच, ब्रेक जुनेच. ताठ पाहून फसू नोका."

आणि त्याने जे केले ते मी दुसऱ्या कोणत्याही मिस्त्रीकडे आजवर पाहिलेले नाही. बाभळीचा वीतभर ठोकळा तासून त्याने गाडीच्या सांगाड्याखाली, बरोबर एक्सलच्या वर, दोन बोल्टांनी बसवला. "याले खुंटा म्हणा. ओझं चढन तसा एक्सल याच्याजवळ येईन. मंधात दोन बोटं आडवी जावाले पाह्यजे. दोनाची जागा राह्यली का बस्स, भरणं बंद. गाडीचा खूर समजा हा."

निघताना त्याने माझीच दोन बोटे धरून त्या फटीत घालून दाखवली. रिकाम्या गाडीत तिथे पंजा उभा मावत होता.

परतीच्या वाटेने यवतमाळ, तिथून पांढरकवडा, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुटबन. तिकडे मातीच वेगळी. कानांवर तेलुगू, कोलामी पडते, घरांपुढे भात वाळत घातलेला. खाणीवर पांढुरक्या-निळ्या फरशीचे थर वहीच्या पानांसारखे उलगडलेले. तिथल्या मुकादमाच्या घरी चिंचेचे आंबट वरण आणि भात खाल्ला. हे वरण मी पुढे आयुष्यभर लोकांना वर्णन करून सांगितले. त्याच्या नंतरचे सांगितले नाही.

फरशी चढू लागली. चार हिश्श्यांतले तीन चढले आणि गफूरभाई गाडीखाली शिरला. हात बाहेर काढून त्याने मला दोन बोटे दाखवली.

"बाबू, बस्स. दोन झाले."

चौथा हिस्सा खाली पडलेला. शेडमध्ये गवंडी वाट पाहत बसलेले. मालकांनी निघताना बजावले होते, एका खेपेत झाले पाहिजे, दसरा टळता कामा नये. मी चार पावले मागे होऊन गाडी पाहिली. खरोखर ताठ उभी होती. वाटले, एवढी भरूनही वाकली नाही, म्हणजे अजून दम आहे.

"भरा," मी म्हणालो.

"मिस्त्रीनं काय सांगतलं, भूलले का?"

"मिस्त्री इंजिनेर आहे का, गफूरभाई? अकरा पाटे कायले घातले मग? शोभेले?"

"मी नाही भरू देत. खुंटा टेकन."

"खुंटा टेकत असेल तर खुंटा काढा."

"तुमीच काढा," असे म्हणून त्याने पाना माझ्यापुढे जमिनीवर टाकला आणि बिडी पेटवून दूर जाऊन बसला.

मी काढला. पांढरा सदरा घालून गाडीखाली उताणा पडलो आणि माझ्या हातांनी दोन्ही बोल्ट सोडवले. ठोकळा पिशवीत टाकला. उरलेला हिस्सा चढवला. नंतर एक्सलवर एकही बोट घालून पाहिले नाही, कारण पाहण्याची हिंमत नव्हती.

पांढरकवड्यापर्यंत गाडी झोकात आली. तिथे चहा घेतला. मी गफूरभाईला टोमणाही मारला, "काय म्हणे तुमचा खुंटा?" तो पुन्हा गाडीत जाऊन बसला. करंजीच्या अलीकडे एका नाल्याचा उतार लागतो. उतारावर आधी जळका वास आला. गफूरभाई ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला. मग खालून कडाड आवाज झाला, आणि आमचेच मागचे चाक आम्हाला मागे टाकून पुढे धावत गेले. लोक या जागी नेहमी हसत. मी हसू देत असे. एक्सल तुटला होता. गाडी नाल्यात तोंड खुपसून थांबली आणि सगळी फरशी केबिनवर आली. मला कपाळाला खरचटले. गफूरभाईचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. त्याचा तो आवाज मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांबरोबर मी पुन्हा तिथे गेलो. गाडी पाहिली. अकराचे अकरा पाटे शाबूत. एकाला केसाएवढी चीर नाही. यू-बोल्ट जागचे हललेले नाहीत. भोजूने जेवढे केले होते तेवढे सगळे त्या मोडक्या गाडीत धड उभे होते!

आणि मालक काय म्हणाले? "वजनाचं नाव काढू नको. गाडी भरली तू. अंगाशी तुझ्याच येईल. मिस्त्रीनं पाटे चुकीचे घातले असं लिही. त्याचं काय बिघडते? फिरस्ती जात. आज इथं, उद्या तिथं."

फिरस्ती! ज्याचे घर, शेत, भट्टी, कडुलिंब सगळे एका जागी होते, तो फिरस्ता. आणि ज्याची जीभ तासातासाला फिरते तो प्रतिष्ठित! पंचनाम्याला आलेल्या पंचांनीही माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही वाकून पाटे पाहिले नाहीत. जात ऐकली आणि त्यांना पुरावा मिळाला. मला आजही त्या माना दिसतात आणि संताप येतो. पण कागद आणि पेन माझ्या हातात होते. 'अडाणी' हा शब्द मालकांनी सांगितला नव्हता. तो माझा. वाक्य वजनदार व्हावे म्हणून मी घातला.

गफूरभाईला जिनिंगच्या फाटकावर बसायचे काम मिळाले, बोलायचे नाही या अटीवर. मला वरची जागा मिळाली.

आठवड्याने भोजू मिस्त्री एसटीने राळेगावला आला. मोडकी गाडी आवारातच, पत्र्याखाली झाकून ठेवली होती. फाटकाशी मालकांनी त्याला अडवले. मी ऑफिसच्या खिडकीआड होतो. सगळे ऐकू येत होते.

"मालक, मले काई नाही पाह्यजे. फकस्त पाटे पाहू द्या."

"काय पाहतोस? माणूस लंगडा केलास."

"म्हणूनच म्हणतो, पाहू द्या. माह्या हातून काय राह्यलं ते मले कळन. मी पुढच्या गाडीत दुरुस्त करीन."

"पुढची गाडी कोण देईल तुले आता?"

तो फाटकाबाहेर बराच वेळ उभा राहिला. पाच मिनिटे पुरली असती. पत्रा सरकवायचा आणि त्याला वाकू द्यायचे, एवढेच. मी खिडकी लावून घेतली. महिनाभरात गाडी भंगारात गेली, पाट्यांसकट.

मालकांचे म्हणणे खरे ठरले. गोष्ट ड्रायव्हरांमध्ये तोंडोतोंडी पसरली. आर्णीच्या त्याच टपरीवर पुढे एकदा थांबलो असता टपरीवाला म्हणाला, "भोजू? नाव नोका काढू. जीव घेते त्याचं काम." मी चहा पिऊन उठलो.

सहा वर्षांनी मी फुलसावंगीला पुन्हा गेलो. कामाशिवाय, रजा टाकून. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तो बाभळीचा ठोकळा होता. एसटीत चार तास मी एकच वाक्य घोटत होतो. बाजाराच्या टोकाला कडुलिंब होता, पत्रे नव्हते. भोजू तांड्याजवळच्या शेतात निंदणाला लागलेला भेटला. केस पांढरे झालेले. मला पाहताच त्याने विळा खाली ठेवला.

"या, बाबू. बसा." त्याने लोटाभर पाणी दिले. पहिला प्रश्न विचारला, "गफूरभाईचा पाय कसा हाये?"

"काठी घेऊन चालतात."

"चालते ना? बरं झालं." त्याने लोटा बाजूला ठेवला. "म्या दुकान मोडलं. लोकायनं गाड्या आणनं बंद केलं, ते एक. पण माह्याच हाताचा मले भरोसा नाही राह्यला. बोल्ट आवळला का वाटे, राह्यला का ढिला?"

मी पिशवीच्या तोंडाशी हात नेला.

"तुमी होते गाडीत," तो म्हणाला. "तुमाले एकच इचारतो. दोन बोटं राह्यले होते ना?"

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर कदाचित मी बोललो असतो. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी 'हो' म्हणालो असतो तर त्याचे पाटे खोटे ठरत होते. 'नाही' म्हणालो असतो तर मी. आणि मी म्हणालो, "शेवटची गाडी किती वाजता असते?"

त्याने सूर्याकडे पाहिले. "अजून टाइम हाये. जेवून जा."

मी जेवलो. त्याच्या बायकोने तशीच बाटी वाढली, तीच चटणी. डोळ्यांतून पाणी आले ते तिने चटणीच्या माथी मारले आणि ताक दिले. तो मला स्टँडपर्यंत पोचवायला आला. माझी पिशवी त्याने उचलली होती. स्टँडवर ती माझ्या हाती देताना म्हणाला, "जड हाये, बाबू. काय भरलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

एसटी वळताना मागे पाहिले. तो जमिनीकडे, माझ्या पावलांच्या ठशांकडे पाहत उभा होता.

राळेगावला परत आलो तो अजून परतलो नाही असे वाटते. मालक गेले, गफूरभाई गेला, भोजू मिस्त्री गेल्याचे फार उशिरा कळले. पुस्तिकेतल्या वाक्यावर मी इतका का भडकलो, हे एव्हाना वाचणाऱ्याला कळले असेल. ठोकळा माझ्या कपाटात आहे. त्यावर एक्सल टेकल्याची खूण नाही, कारण टेकण्याआधीच मी तो काढला. मालकांचा नातू पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढणार आहे म्हणे. हे कागद त्याच्या हातात देणार आहे. माझ्या मुलांपुढे मोठ्याने वाचून दाखवणार आहे. पण ज्याने विचारले होते त्याला हे ऐकू जाणार नाही.

एसटीत घोटलेले वाक्य असे होते: भोजूभाऊ, दोन बोटे राहिली नव्हती, खुंटा मी माझ्या हातांनी काढला, तुमचे अकराही पाटे शाबूत होते, मी डोळ्यांनी पाहिले, तुमच्या हातून काहीही राहिले नव्हते, मला माफ करा.